अणुभट्टीतलं पोलाद आतून कसं बदलतं

अणुऊर्जेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं स्फोट, अणुकचरा आणि भूसंपादन या तीन गोष्टींभोवतीच फिरतं. जैतापूरच्या वादात हे वर्षानुवर्षं दिसलं. भट्टी ज्या धातूची बांधलेली असते, त्या धातूचं पुढच्या चाळीस वर्षांत काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझं रोजचं काम जालन्यातल्या सळयांचं. अणुभट्टीशी त्याचा थेट संबंध नाही, पण लोखंडाच्या आत डोकावायची सवय एकदा लागली की हा प्रश्न पाठ सोडत नाही.

सुरुवात सळईपासूनच करू. टीएमटी सळईचा बोटभर तुकडा कापायचा, एमरी पेपरवर जाड्यापासून बारीकपर्यंत घासत आरशासारखा करायचा, त्यावर नायटलचा, म्हणजे स्पिरिटमध्ये मिसळलेल्या नायट्रिक ॲसिडचा, बोळा फिरवायचा. काही सेकंदांत कापलेल्या तोंडावर कडेने एक काळसर कडं उमटतं आणि मधला भाग फिकट राहतो. कडं टणक, गाभा मऊ. रसायन तपासलं तर दोन्हीकडे तेच कार्बन, तेच मँगनीज. फरक इतकाच की रोलिंगमधून बाहेर पडताना पाण्याचा जोरदार मारा बसला, वरचा थर झटकन थंड झाला आणि अणूंची मांडणी तिथे वेगळी झाली. गावातला लोहार विळ्याला पाणी पाजतो, तेव्हाही तो लोखंडात काही नवं मिसळत नाही. मांडणी बदलतो, आणि विळा धार धरायला लागतो.

म्हणजे धातूचा स्वभाव जितका रसायनात असतो तितकाच मांडणीत असतो. कण, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक, केवढे आहेत, त्यांच्या सीमांवर काय साचलंय, आत कुठे खोट आहे, या सगळ्याला मिळून सूक्ष्मरचना म्हणतात. ही रचना बदलायला एरवी उष्णता लागते किंवा ठोकणं-लाटणं लागतं. परळीच्या थर्मलसारख्या वीज केंद्रात वाफेच्या नळ्या पाचशे-साडेपाचशे अंशांवर वर्षानुवर्षं काम करतात. त्यांच्यातल्या कार्बाइडच्या, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाच्या, पट्ट्या हळूहळू गोळ्या होत जातात. तपासणीला येणारे लोक नळीवर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवून त्या रचनेचा ठसा घेतात आणि नळी किती थकली ते सांगतात. तिथे सगळं काम उष्णतेचं.

अणुभट्टीचं मोठं पात्र, म्हणजे इंधन आणि दाबाखालचं पाणी ज्यात असतं ते जाड पोलादी दाबपात्र, मात्र तीनशे अंशांच्या आतच असतं. इतक्या कमी तापमानाला नुसत्या उष्णतेने पोलादात दशकानुदशकंही फार काही घडू नये. तरी घडतं. ते घडवतात न्यूट्रॉन.

इथे एक गल्लत आधीच दूर केलेली बरी, कारण ट्रेनिंगला येणारी डिप्लोमाची मुलं हमखास विचारतात, “सर, म्हणजे ते लोखंड किरणोत्सारी होतं, तेच ना?” तेही होतं, पण ती वेगळी गोष्ट. पोलादात कोबाल्ट किंचित असतोच. मंद न्यूट्रॉन त्याच्या गाभ्यात शोषला गेला की कोबाल्ट-60 तयार होतो आणि तो वर्षानुवर्षं गॅमा किरण सोडत राहतो. त्याचा त्रास दुरुस्तीला आत जाणाऱ्या माणसांना. पोलादाच्या ताकदीवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम नाही. ताकद बदलते ती वेगवान न्यूट्रॉनच्या धक्क्याने, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा निघणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा सरासरी 20 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. लोखंडाचा एक अणू त्याच्या जागेवरून उखडायला साधारण 40 पुरतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो पोलादात काही सेंटिमीटर सरळ निघून जातो आणि मग कुठेतरी एका अणूवर आदळतो. लोखंडाचा अणू त्याच्या छप्पन्न पट जड, त्यामुळे टकरीत ऊर्जेचा थोडाच वाटा त्या अणूला मिळतो. पण तो थोडा वाटाही हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. उखडलेला अणू शेजाऱ्यांना उखडतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. काही नॅनोमीटरच्या गोळ्यात शेकडो अणू एकदम अस्ताव्यस्त होतात, आणि क्षणभर तो गोळा वितळलेल्या धातूसारखा असतो. क्षणभर म्हणजे किती? एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले काही भाग, बस्स.

मग तो निवतो, आणि निवताना बहुतेक अणू पुन्हा कुठल्यातरी जागेवर बसतात. स्वतःच्याच जागेवर असं नाही, पण जागा भरली की अणूंच्या ओळींची जाळी शाबूत. उरतात थोडे. काही जागा रिकाम्या राहतात आणि तितकेच अणू दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी घुसून अडकतात. त्यांना रिक्त जागा आणि घुसखोर अणू म्हणू. यांच्यातलेही कित्येक पुढे फिरता फिरता एकमेकांना भेटतात आणि दोघंही नाहीसे होतात. या दुरुस्तीतून जे उरतं, तेवढ्यावरच पुढची सगळी कथा उभी आहे.

हा परिणाम होणार हे युजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने 1940च्या दशकाच्या सुरुवातीलाच, अमेरिकेतल्या पहिल्या भट्ट्या उभ्या राहत असताना, ओळखलं होतं. त्याची चिंता न्यूट्रॉन मंद करायला भट्टीत रचलेल्या ग्राफाइटची होती, आणि ती खरी ठरली. अस्ताव्यस्त अणूंमध्ये ऊर्जा साठून राहते. इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या भट्टीत ऑक्टोबर 1957 मध्ये आग लागली, ती ग्राफाइट गरम करून ही साठलेली ऊर्जा मोकळी करण्याच्या कामातच.

धातूवर किती मारा झाला हे मोजायला डीपीए नावाचं माप आहे: प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून हलवला गेला. मोठ्या दाबपात्राच्या भिंतीत पूर्ण आयुष्यात हा आकडा साधारण 0.1 किंवा त्याहून कमी असतो. इंधनाला खेटून असलेल्या आतल्या भागांत तो काही दहांपर्यंत जातो. वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या भट्टीत इंधनाच्या नळीला तो शंभरही होऊ शकतो. म्हणजे नळीतला प्रत्येक अणू सरासरी शंभर वेळा उखडून पुन्हा बसलाय, आणि नळी उभी आहे. धातूबद्दल इतका आदर वाटायला लावणारा दुसरा आकडा मला माहीत नाही.

आता उरलेल्यांकडे वळू. सेंट्रिंगवर वापरतात ती बांधणी तार हातात घेऊन एकाच जागी पुढे-मागे वाकवा. आधी सहज वाकते, मग कडक होते, मग तुटते. तार वाकते ती अणूंच्या ओळी एकमेकींवरून सरकतात म्हणून. आणि या सरकण्याची सीमारेषा, जिला डिस्लोकेशन म्हणतात, ती मोकळी फिरू शकली तरच. वाकवताना या रेषा इतक्या वाढतात की त्यांचा गुंता होतो आणि सरकणं थांबतं. न्यूट्रॉनचा मारा न वाकवताच हे करतो. घुसखोर अणू एकत्र येऊन जाळीत बारीक बारीक वेटोळी तयार करतात, रिक्त जागांचे पुंजके होतात, आणि डिस्लोकेशनच्या वाटेत पावलोपावली अडथळे उभे राहतात. धातू कडक होतो. कागदावर त्याची ताकद वाढलेली दिसते, आणि इथेच नवखा माणूस फसतो. ताकद वाढली, पण ताणायची तयारी गेली.

हे उघडं पडतं चार्पी चाचणीत. 55 मिलिमीटर लांब, 10 बाय 10 चा तुकडा, मधोमध 2 मिलिमीटर खोल व्ही-आकाराची खाच. तो आधारांवर ठेवायचा आणि लंबकाचा हातोडा सोडायचा. चिवट तुकडा फाटतो तेव्हा तोंड करडं, तंतुमय दिसतं आणि कडा आत ओढल्या जातात. ठिसूळ तुकडा मात्र कट्कन दोन होतो आणि तोंडावर चकचकीत दाणे दिसतात. एकच पोलाद गरम असताना पहिल्या तऱ्हेने तुटतं आणि थंड असताना दुसऱ्या. हा बदल ज्या तापमानाला होतो ते नव्या पात्राच्या पोलादात बरंच खाली असतं. मारा वाढत जातो तसं ते वर वर सरकतं. काही जुन्या वेल्डमध्ये हे सरकणं शंभर अंशांच्याही पुढे गेल्याचं दिसलंय.

धोका कधी? भट्टी तापलेली आहे, आत दाब आहे आणि काही बिघाडामुळे आपत्कालीन थंड पाणी आत सोडावं लागलं. भिंत आतून एकदम थंड होते, आकुंचन पावू पाहते, आणि नेमकी त्याच वेळी ती ठिसूळ तापमानाच्या पट्ट्यात येते. तिथे एखादी जुनी बारीक तडा असेल तर? पात्राला पर्याय नसतो, ते बदलता येत नाही. अमेरिकेतली यांकी रो ही भट्टी 1992 मध्ये कायमची बंद करण्यात आली. तिच्या पात्राच्या ठिसूळपणाविषयी निर्माण झालेली शंका त्यामागे होती.

आणि या सगळ्यात मुख्य आरोपी कोण निघाला? तांबं. जालन्यात भंगार वितळवणाऱ्या कुठल्याही भट्टीवाल्याला तांब्याचा त्रास सांगायला नको. मोटारीचं आर्मेचर किंवा वायरींचा गुंता भंगारात तसाच गेला की बिलेटमध्ये, म्हणजे सळई लाटायच्या ओतीव ठोकळ्यात, तांबं उतरतं आणि रोलिंगच्या वेळी पृष्ठभागावर चिरा पडतात. अणुभट्टीच्या पात्रात तांबं दुसऱ्या वाटेने आलं: काही प्रमाणात पोलादातून, आणि बरंचसं वेल्डिंगच्या तारेतून, कारण तार गंजू नये म्हणून तिच्यावर तांब्याचा मुलामा देत. प्रमाण म्हणाल तर टक्क्याचा काही दशांश. तेवढं तांबंही तीनशे अंशांखाली लोखंडात विरघळून राहायला तयार नसतं; त्याला वेगळं व्हायचंच असतं. फक्त त्या तापमानाला हलायला जमत नाही, अणू सरकायला शेजारी रिकामी जागा लागते. न्यूट्रॉन नेमक्या त्या रिकाम्या जागा पुरवतात. मग तांब्याचे अणू एकेक करत गोळा होतात आणि दोन-तीन नॅनोमीटरचे दाणे बनतात. साध्या मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही, नायटल फिरवूनही नाही. पण डिस्लोकेशनला हे दाणे पुरून उरतात. हे कळल्यानंतर पात्राच्या पोलादात आणि वेल्डमध्ये तांब्यावर कडक मर्यादा आली. निकेल, मँगनीज, सिलिकॉन यांचेही असेच दाणे होतात, पण उशिरा. म्हणून साठ-ऐंशी वर्षं भट्टी चालवायची म्हणणाऱ्यांना आता त्यांची चिंता आहे.

यावर राखण ठेवायची पद्धत मला फार आवडते. पात्र बनवतानाच त्याच प्लेटचे, त्याच वेल्डचे चार्पी तुकडे कापून कॅप्सूलमध्ये भरतात आणि भिंतीच्या आत, इंधनाच्या थोडं जवळ टांगतात. जवळ असल्याने त्यांच्यावर मारा भिंतीपेक्षा जास्त पडतो, म्हणजे ते भिंतीच्या काही वर्षं पुढे असतात. ठरावीक काळाने एक कॅप्सूल काढायची, जाड काचेमागून यांत्रिक हातांनी तुकडे तोडायचे आणि भिंतीचं पुढचं भविष्य वाचायचं. तुकडे मोजकेच असतात, म्हणून तुटलेल्या अर्ध्या भागाला नवी टोकं वेल्ड करून तो पुन्हा एकदा तोडतात. अणुप्रकल्पाबद्दल नागरिकांनी प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारावा: शेवटची कॅप्सूल कधी काढली आणि तापमान किती सरकलं होतं?

आपल्याकडे जाड दाबपात्राच्या भट्ट्या थोड्या आहेत. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन, 1969 मध्ये सुरू झालेल्या, आणि तामिळनाडूत कुडनकुलमच्या. बाकी बहुतेक भारतीय भट्ट्या जड पाण्यावर चालतात. त्यांत एका मोठ्या पात्राऐवजी शेकडो आडव्या दाबनळ्या असतात; 220 मेगावॉटच्या भट्टीत 306, तारापूरच्या 540 मेगावॉटच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत 392. या नळ्या पोलादाच्या नसून झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे खात नाही. आपल्याकडे त्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात. नांदेडच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ, तेव्हा हा कारखाना तसा आपल्या शेजारचाच.

झिर्कोनियमची तऱ्हा वेगळी. त्याच्या स्फटिकाला दिशा आहे; षटकोनी खांबासारखी अणूंची रचना. घुसखोर अणू एका दिशेच्या ओळींमध्ये जाऊन बसतात आणि रिक्त जागा दुसऱ्या दिशेला साचतात. परिणाम असा की कुणी न ओढता नळी लांबते, आकारमान तेवढंच ठेवून. नळी बनवताना सगळे स्फटिक साधारण एकाच रोखाने वळलेले असतात, म्हणून ही वाढ एकमेकांना कापून जात नाही. यात भर पडते दाबाची आणि वजनाची: नळी फुगते, मधोमध खाली झोळते. म्हणून तिच्या टोकाला सरकायला जागा सोडावी लागते, आणि तिच्याभोवती बाहेरून असलेल्या थंड नळीला ती टेकू नये म्हणून मध्ये स्प्रिंगची कडी बसवतात. कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीत 1 ऑगस्ट 1983 रोजी एक नळी फाटली, ती अशीच कडी सरकल्यामुळे. गरम नळी थंड नळीला टेकली, टेकलेल्या जागी धातूतला हायड्रोजन गोळा झाला, हायड्राइडचे, म्हणजे झिर्कोनियम-हायड्रोजनच्या ठिसूळ संयुगाचे, फोड आले आणि तिथून नळी चिरत गेली. त्या नळ्या झिर्कलॉय-2 या मिश्रधातूच्या होत्या. आपल्या सुरुवातीच्या भट्ट्यांतही तोच होता. पुढे अडीच टक्के नायोबियम असलेला मिश्रधातू आला. राजस्थानच्या दुसऱ्या भट्टीपासून सुरुवात करून जुन्या भट्ट्यांच्या सगळ्या नळ्या एकेक करून बदलल्या गेल्या.

वेगवान भट्ट्यांत आणखी एक प्रकार दिसला, आणि तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डूनरे इथल्या भट्टीतून काढलेल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांत कॉथॉर्न आणि फुल्टन या दोघांना 1967 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बारीक पोकळ्या दिसल्या. भरीव स्टीलच्या पोटात हजारो रिकाम्या खोल्या! हिशेब असा: घुसखोर आणि रिक्त जागा सारख्याच संख्येने जन्मतात, पण डिस्लोकेशन घुसखोरांना किंचित जास्त ओढून घेतं. किंचितच. तेवढ्याने दर वेळी थोड्या रिक्त जागा शिल्लक राहतात, आणि साडेतीनशे ते सहाशे अंशांच्या पट्ट्यात त्या फिरून एकत्र येतात. निकेलचे काही अणू न्यूट्रॉन गिळून हीलियम वायू सोडतात, तो या पोकळ्यांना आतून आधार देतो. स्टील फुगतं. एकदा वेग घेतला की साधारण दर डीपीएला एक टक्का. इंधनाच्या नळ्या एकमेकींत मिलिमीटरच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. तिथे दहा टक्के फुगणं म्हणजे इंधनाची उष्णता वाहून नेणाऱ्या पातळ सोडियमची वाट अडणं आणि नळ्यांचे जुडगे बाहेर न निघणं.

हाच हीलियम कणांच्या सीमेवर जमला की जास्त तापमानाला स्टील सीमेवरून उकलतं. आणि सीमेवर आणखी एक बदल होतो: रिक्त जागा सीमेकडे धावतात तेव्हा क्रोमियम उलट दिशेला सरकतं, निकेल मागे राहून साचतं. स्टेनलेस ज्याच्या जिवावर गंजत नाही ते क्रोमियम नेमक्या सीमेवर कमी होतं. मग गरम पाणी आणि ताण मिळून तिथे चीर पाडतात. अमेरिकेतल्या इंडियन पॉइंटच्या दुसऱ्या भट्टीत 2016 मध्ये आतल्या 832 बोल्टांपैकी सव्वादोनशेच्या आसपास बोल्ट बाद ठरवावे लागले.

उपाय काय? मारा थांबवता येत नाही. उरलेल्यांना निवारा मात्र देता येतो: रिक्त जागा आणि घुसखोर दोघंही जाऊन विरतील अशा जागा धातूत मुद्दाम पेरायच्या. थंड अवस्थेत वीस टक्के लाटून डिस्लोकेशन वाढवणं हा त्यातलाच मार्ग. कल्पाक्कमच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर भट्टीसाठी निवडलेल्या डी-9 या स्टीलमध्ये टायटॅनियम आहे. त्याच्या बारीक कार्बाइडमुळे ते डिस्लोकेशन टिकून राहतात. कमी निकेलची फेरिटिक स्टील, म्हणजे साध्या लोखंडासारखी अणूंची मांडणी असलेली, फारच कमी फुगतात, पण साडेपाचशे-सहाशे अंशांपुढे त्यांची ताकद घसरते. म्हणून त्यांत यट्रियमच्या ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे दाणे पेरतात. पावडर दळून हे पोलाद बनवावं लागतं, साध्या भट्टीत वितळवलं तर दाणे तरंगून वर येतील. मला यात सगळ्यात मोठी हुशारी दिसते: ज्या आकाराच्या तांब्याच्या दाण्यांनी जुनी पात्रं ठिसूळ केली, त्याच आकाराचे दाणे इथे योजून पेरले, तर तेच पोलादाला तगवतात.

जुन्या पात्रासाठी लोहाराचाच उपाय चालतो. फिनलंडमधल्या लोव्हिसाच्या पहिल्या भट्टीच्या पात्राचा वेल्ड 1996 मध्ये 475 अंशांवर सुमारे शंभर तास तापवून ठेवला. वेटोळी विरली, तांब्याचे दाणे काही विरघळले, काही मोठे आणि विरळ होऊन निरुपद्रवी झाले, आणि सरकलेलं तापमान बरंचसं मागे आलं. रशियन बनावटीच्या इतर भट्ट्यांतही 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे केलं गेलंय.

नवा मिश्रधातू भट्टीत घालून शंभर डीपीएची वाट पाहायची तर संशोधकाची उमर जाते. म्हणून ॲक्सिलरेटर या वेग देणाऱ्या यंत्रातून लोखंडाचे किंवा निकेलचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, त्याच्यावर मारतात. वर्षांचा मारा काही दिवसांत होतो. पण आयन पृष्ठभागाखाली दोन-चार मायक्रॉनच शिरतात, तेवढ्यात चार्पीचा तुकडा निघत नाही. शिवाय मारा इतका वेगात झाला की रिक्त जागांना फिरायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून तापमान मुद्दाम वाढवून हिशेब जुळवावा लागतो. ते किती वाढवायचं हे तपासायला खरं, दीर्घकाळ भट्टीत राहिलेलं स्टील हवंच. स्पेनची झोरिता भट्टी 2006 मध्ये बंद झाल्यावर तिच्या आतल्या प्लेटांचे तुकडे कापून प्रयोगशाळांत वाटले गेले ते यासाठीच. बंद पडलेल्या प्रत्येक भट्टीतून असे तुकडे काढून ठेवावेत असं या क्षेत्रातली माणसं आग्रहाने सांगतात. आपल्याकडच्या जुन्या भट्ट्यांबाबतही ते व्हायला हवं, भंगारात काढण्याआधी.